नावाबाहेर राहिलेली महाधमनी : आवर्ती बहुकूर्चाशोथातील रक्तवाहिनी-विकारांच्या आकलनाचा इतिहास

प्रस्तावना :

रोगाला नाव देणे ही वैद्यकशास्त्रात केवळ सोयीची बाब नसते. नाव एकदा रूढ झाले की वैद्य रुग्णाच्या शरीरात काय शोधणार, कोणत्या तपासण्या करवून घेणार आणि कोणत्या लक्षणाला गौण मानणार, हे बऱ्याच अंशी त्या नावावरून ठरते. ‘रिलॅप्सिंग पॉलिकॉन्ड्रायटिस’, अर्थात आवर्ती बहुकूर्चाशोथ, या दुर्मिळ स्वयंप्रतिकारजन्य रोगाचा सुमारे शंभर वर्षांचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. हा रोग कूर्चेचा म्हणून ओळखला गेला. प्रत्यक्षात तो महाधमनी, हृदयाच्या झडपा आणि लहानमोठ्या रक्तवाहिन्या यांनाही ग्रासतो, आणि अनेक रुग्णांचा जीव कूर्चेमुळे नव्हे तर रक्तवाहिन्यांमुळे धोक्यात येतो. हे ज्ञान फार उशिरा मिळाले असे म्हणता येत नाही. नोंदी बऱ्याच आधीपासून उपलब्ध होत्या. मात्र नोंदीत असलेली गोष्ट रोगाच्या व्याख्येत येण्यास दीर्घ काळ लागला. प्रस्तुत लेखात या विलंबाची कारणमीमांसा केली आहे.

रोगाचे स्वरूप :

कूर्चा म्हणजे ज्याला सर्वसामान्यपणे मऊ हाड म्हटले जाते ती लवचीक ऊती. कानाची पाळी वगळता उरलेला बाह्यकर्ण, नाकाचा पुढचा भाग, स्वरयंत्र, श्वासनळीची कडी, बरगड्यांची टोके आणि सांध्यांचे पृष्ठभाग यांत ती असते. या रोगात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच कूर्चेवर आघात करते. कान एकाएकी लाल होतो, सुजतो, स्पर्शही सहन होत नाही. पण खालच्या पाळीत कूर्चा नसल्याने ती मात्र नेहमीसारखीच राहते. काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी सूज ओसरते आणि पुन्हा केव्हातरी परतते. अशा आवर्तनांतून कूर्चा विरघळत जाते, कान लुळा पडतो, नाकाचा मधला भाग खोगिरासारखा खचतो. रोग अत्यंत विरळ आहे. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील अभ्यासानुसार दर दहा लाख लोकसंख्येत वर्षाला सुमारे ३.५ नवे रुग्ण आढळतात. ब्रिटनमधील २०१५ च्या अभ्यासात हे प्रमाण त्याहूनही कमी, ०.७१ इतके भरले.

रक्तवाहिन्यांचे विकार याच रोगात तीन पातळ्यांवर दिसतात. पहिली पातळी महाधमनीच्या मुळाची. तेथील भिंतीतील लवचीक तंतू दाहामुळे नष्ट होतात, मूळ रुंदावते, झडपेच्या पाकळ्या एकमेकींना भिडेनाशा होतात आणि प्रत्येक ठोक्यानंतर काही रक्त हृदयाकडे परत फिरते. असा झडपेचा दोष सुमारे ४ ते १० टक्के रुग्णांत आढळल्याचे सांगितले जाते. दुसरी पातळी महाधमनीच्या पुढील भागाची व तिच्या मोठ्या शाखांची. येथे भिंत फुग्यासारखी फुगते, म्हणजेच विस्फार निर्माण होतो, किंवा उलट वाहिनी अरुंद होत जाते. तिसरी पातळी त्वचा, मूत्रपिंड, डोळा आणि अंतर्कर्ण यांच्या सूक्ष्म वाहिन्यांची. कान आरशात दिसतो, महाधमनी दिसत नाही. या साध्या वस्तुस्थितीचा या रोगाच्या इतिहासावर फार मोठा परिणाम झाला आहे.

प्राग, १९२३ :

प्रागच्या जर्मन विद्यापीठातील नामांकित वैद्य रुडॉल्फ याक्श-वार्टेनहोर्स्ट यांनी १९२३ साली या रोगाचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. रुग्ण ३२ वर्षांचा, मद्यनिर्मितीच्या व्यवसायातील पुरुष होता. ताप, सांधेदुखी, दोन्ही कानांची वेदनामय सूज व नंतर आलेली विकृती, खचलेले नाक आणि मंदावलेली श्रवणशक्ती ही त्याची लक्षणे होती. नाकाच्या पडद्याचा तुकडा तपासला असता कूर्चा नाहीशी झालेली आढळली. याक्श यांनी या विकाराला ‘पॉलिकॉन्ड्रोपॅथिया’, म्हणजे अनेक कूर्चांचा विकार, असे नाव दिले. कूर्चेचा ऱ्हास होतो एवढे त्यांनी पाहिले व तेवढेच नावात आणले. त्यांच्या हाती असलेल्या पुराव्याच्या मर्यादेत हे नामकरण निर्दोष होते.

तथापि १९२३ मधील वैद्याला महाधमनीचे काय दिसू शकत होते, हा प्रश्न उपस्थित करणे आवश्यक आहे. जिवंत माणसाच्या महाधमनीत औषध सोडून तिचे क्ष-किरण चित्र घेण्याची पद्धत लिस्बन येथे रेनाल्दो दुस सांतुस यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केली. ध्वनिलहरींनी हृदय पाहण्याचा प्रयोग स्वीडनमधील लुंड येथे एडलर व हर्ट्झ यांनी १९५३ मध्ये केला. त्यापूर्वी वैद्याजवळ स्टेथोस्कोप, साधे क्ष-किरण चित्र आणि अखेरीस शवविच्छेदन एवढीच साधने होती.

शिवाय त्या काळातील वैद्याच्या मनात एक तयार उत्तर होते. खचलेले नाक, डोळ्यांचा दाह, बहिरेपणा आणि महाधमनीच्या झडपेतून परत फिरणारे रक्त, हा समुच्चय उपदंशाचा म्हणून प्रत्येक पाठ्यपुस्तकात नोंदलेला होता. वासरमन यांची रक्तचाचणी १९०६ पासून उपलब्ध होती, पण ती पूर्णतः विश्वासार्ह नव्हती. चाचणी नकारात्मक आली तरी उपदंशाचा संशय सहजासहजी सोडला जात नसे. उपदंशातील महाधमनीदाहात भिंतीला पोसणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांभोवती दाहपेशी जमतात आणि लवचीक तंतू तुटतात. बहुकूर्चाशोथातही सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे चित्र याच्याशी बरेच जुळते. पेनिसिलिनपूर्व काळातील काही ‘उपदंशी’ महाधमन्या प्रत्यक्षात या दुसऱ्या रोगाच्या असाव्यात, असे अनुमान काढण्यास जागा आहे. ते आता पडताळून पाहता येणार नाही, परंतु उपदंश मागे हटल्यानंतरच हा रोग स्पष्टपणे दिसू लागला, हा कालक्रम लक्षणीय आहे. (भारतीय वैद्याच्या बाबतीत उपदंशाच्या जागी आणखी एक तयार उत्तर होते, ते म्हणजे कुष्ठरोग. खचलेले नाक व जाड झालेला कान पाहून कुष्ठरोग आठवणे येथे स्वाभाविक होते. दोहोंतील भेद सांगणारी खूण अगदी लहान आहे : कुष्ठरोगात कानाची पाळी हमखास जाड होते, बहुकूर्चाशोथात नेमकी तीच वाचते.)

सशाचे कान आणि कूर्चेकडे वळलेली नजर :

कूर्चा ही फारशी हालचाल नसलेली, जवळजवळ निर्जीव ऊती आहे, असा समज विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रचलित होता. या समजाला तडा देणारा एक प्रयोग येथे नमूद करणे उचित ठरेल. लुईस थॉमस यांनी सशांच्या शिरेत पपेन, म्हणजे पपईच्या चिकातील प्रथिने पचविणारे द्रव्य, टोचले असता सशांचे ताठ कान काही तासांत लुळे पडले आणि काही दिवसांत पुन्हा ताठ झाले. हे निष्कर्ष १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले. कूर्चेतील पेशी जिवंत राहून त्यांच्याभोवतीचा आधारपदार्थ तेवढा विरघळतो व तो पुन्हा तयार होतो, असे त्यातून दिसले. कॉर्टिसोन दिल्यास कान पूर्ववत होण्यात अडथळा येतो, हेही आढळले.

समाजशास्त्रज्ञ बर्नार्ड बार्बर व रेने फॉक्स यांनी १९५८ मध्ये या शोधावर एक निबंध लिहिला. हेच लुळे कान अॅरन केल्नर या दुसऱ्या संशोधकानेही पाहिले होते. परंतु त्यांचे लक्ष पपेनच्या हृदयस्नायूंवरील परिणामांकडे असल्याने त्यांनी त्या कानांचा पाठपुरावा केला नाही, असे त्यांनी दाखवून दिले. थॉमस यांनाही प्रारंभी कूर्चेत पाहण्यासारखे काही असेल असे वाटले नव्हते. एका संशोधकाने हृदयाकडे पाहताना कान सोडला. पुढील दोन दशकांत बहुकूर्चाशोथाच्या बाबतीत नेमके याच्या उलट घडले.

नामकरण आणि निकष, १९६० ते १९७६ :

लॉस एंजेलिस येथील कार्ल पिअर्सन, क्लाइन व न्यूकमर यांनी १९६० मध्ये तोवरच्या विखुरलेल्या नोंदी एकत्र करून त्यांत स्वतःच्या रुग्णांची भर घातली आणि ‘रिलॅप्सिंग पॉलिकॉन्ड्रायटिस’ हे नाव रूढ केले. दाह व त्याचे वारंवार परतणे या दोन्ही बाबी नावात आल्याने ते याक्श यांच्या नावापेक्षा निश्चितच सरस ठरले. रक्तवाहिन्या मात्र या नावातही नव्हत्या.

याच पिअर्सन यांनी सात वर्षांनी, १९६७ मध्ये, आपल्या सहकाऱ्यांसह या रोगातील महाधमनीच्या झडपेचा दोष व महाधमनीचा विस्फार यांवर स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला. म्हणजे ज्याने नाव दिले त्यालाच नावाची मर्यादा लवकर उमगली होती. पुढे १९७६ मध्ये सिप्रियानो व सहकाऱ्यांनी या रोगातील महाधमनीच्या बहुविध विस्फारांचे वर्णन केले आणि १९७७ मध्ये एस्डेल व सहकाऱ्यांनी कॅनडातील वैद्यकीय नियतकालिकात या रोगातील रक्तवाहिनी-विकार हाच विषय घेऊन लेखन केले.

या पार्श्वभूमीवर १९७६ मधील मॅकॅडम व सहकाऱ्यांचा सुप्रसिद्ध अभ्यास तपासावा लागतो. त्याच्या लेखकांत पिअर्सनही होते. स्वतःचे २३ रुग्ण आणि पूर्वीच्या साहित्यातील रुग्ण मिळून एकूण १५९ जणांचे विश्लेषण करून त्यांनी निदानाचे सहा निकष ठरविले : दोन्ही कानांच्या कूर्चेचा दाह, सांध्यांचा हाडे न झिजविणारा दाह, नाकाच्या कूर्चेचा दाह, डोळ्यांचा दाह, श्वसनमार्गाच्या कूर्चेचा दाह आणि अंतर्कर्णाची हानी. यांपैकी तीन असतील तर निदान निश्चित. महाधमनी, झडप, विस्फार यांपैकी काहीही या यादीत नाही.

ही केवळ दुर्लक्षाची बाब मानणे अन्यायाचे ठरेल. निकषांचे काम एक रोग दुसऱ्यापासून वेगळा काढणे हे असते. महाधमनीचा दाह अनेक रोगांत होतो, दोन्ही कानांच्या कूर्चेचा दाह जवळजवळ अन्यत्र होत नाही. म्हणून कान निकषात आला व महाधमनी आली नाही, यात तर्कदोष नाही. अडचण पुढे निर्माण झाली. ओळख पटविण्यासाठी केलेली यादी अध्यापनात व पाठ्यपुस्तकांत रोगाचे संपूर्ण वर्णन म्हणून वापरली जाऊ लागली. विद्यार्थी सहा मुद्दे पाठ करीत आणि सातवा विचारला जात नसे.

कारणमीमांसेतही हाच कल दिसतो. १९६० च्या दशकात कूर्चा, डोळ्याचे शुभ्रपटल, अंतर्कर्ण व महाधमनी यांत आम्लधर्मी म्यूकोपॉलिसॅकराइड हा समान आधारपदार्थ आहे, म्हणून रोग या सर्व ठिकाणी जातो, अशी मांडणी होत असे. ती अपुरी असली तरी तिच्यात महाधमनीला जागा होती. १९७८ मध्ये फॉइडार्ट व सहकाऱ्यांनी रुग्णांच्या रक्तात दुसऱ्या प्रकारच्या कोलॅजेनविरुद्ध प्रतिपिंडे दाखविली आणि संशोधनाचा सारा ओघ तिकडे वळला. दुसऱ्या प्रकारचे कोलॅजेन हे कूर्चेचे वैशिष्ट्य होय. महाधमनीची भिंत मुख्यतः पहिल्या व तिसऱ्या प्रकारच्या कोलॅजेनची असते. त्यामुळे नवी उपपत्ती कानाच्या बाबतीत अधिक समर्पक ठरली, पण महाधमनी तिच्याही कक्षेबाहेर राहिली.

मुंबईतील एक समांतर उदाहरण :

नाव आणि निरीक्षण यांच्या संबंधाची दुसरी बाजू त्याच काळातील मुंबईत पाहावयास मिळते. जपानमधील नेत्रवैद्य मिकितो ताकायासू यांनी १९०८ मध्ये एका तरुण स्त्रीच्या दृष्टिपटलावरील रक्तवाहिन्यांच्या विचित्र रचनेचे वर्णन केले. महाधमनी व तिच्या शाखांचा हा दाह पुढे त्यांच्या नावाने, तसेच ‘नाडीविरहित रोग’ म्हणूनही ओळखला गेला. केईएम रुग्णालय व सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यविशारद प्रफुल्लकुमार सेन, विकृतिशास्त्रज्ञ सुमन किणरे, गजानन पारुळकर व सहकारी यांनी १९६३ मध्ये महाधमनीच्या मधल्या भागातील विकारावर ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निबंध लिहिला. पुढे किणरे यांनी १९७० मध्ये भारतातील तरुण वयातील महाधमनीदाह व क्षयरोग यांच्या संबंधाचा अभ्यास मांडला आणि १९७३ मध्ये या गटाचा १०१ रुग्णांवर आधारलेला ग्रंथ मुंबईतून प्रसिद्ध झाला.

त्यांनी पुरस्कारलेली संज्ञा ‘नॉनस्पेसिफिक एऑर्टोआर्टरायटिस’, म्हणजे अनिश्चित कारणाचा महाधमनी-धमनीशोथ, अशी होती. ही संज्ञा बोजड आहे हे मान्य करावे लागेल. परंतु विकार कोठे आहे ते ती सांगते आणि कारण ठाऊक नाही हेही प्रामाणिकपणे सांगते. नाडी लागत नसलेल्या रुग्णांपुरते न थांबता पोटातील महाधमनी व मूत्रपिंडाच्या धमन्या येथवर जाणारी दृष्टी या संज्ञेत अंतर्भूत होती. बहुकूर्चाशोथातील महाधमनीदाह अनेकदा याच विकारासारखा दिसतो. तेव्हा भारतातील एखाद्या तरुण रुग्णाच्या झडपेतून रक्त परत फिरत असेल, तर आधी संधिवातज्वराचा हृदयरोग, मग महाधमनी-धमनीशोथ असा विचार होतो. कानाची चौकशी केल्याखेरीज तिसरी शक्यता पुढे येतच नाही.

शांत झालेला कान :

कॉर्टिसोनचा सांधेदाहावरील परिणाम १९४८ मध्ये मेयो क्लिनिक येथे दिसून आला आणि त्याबद्दल हेंच, केंडल व राइखश्टाइन यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. स्टेरॉइड औषधांनी बहुकूर्चाशोथातील कानाची सूज झपाट्याने ओसरते. १९७६ मध्ये बारँको व सहकाऱ्यांनी डॅप्सोन या मूळच्या कुष्ठरोगावरील औषधाचाही या रोगात उपयोग नोंदविला, हा योगायोग भारतीय वाचकास विशेष वाटेल. औषधाची मात्रा ठरविण्यासाठी वैद्य पाहत असे तो कान. वेदना थांबली, लाली गेली, की रोग आटोक्यात आला असे समजून मात्रा उतरविली जाई.

येथेच या इतिहासातील सर्वांत गंभीर प्रश्न उभा राहतो. बक्ली व एड्स यांनी १९९२ मध्ये असा रुग्ण नोंदविला की ज्याचा रोग बाह्यतः शमलेला असतानाही महाधमनीच्या झडपेतील दाह वाढत राहिला होता. झडपेतून रक्त परत फिरू लागले तरी हृदय बराच काळ ते सोसते. रुग्णाला धाप लागेपर्यंत डावा कप्पा ताणला गेलेला असतो. विस्फार तर फुटेपर्यंतही निमूट राहू शकतो. म्हणजे ज्या लक्षणावरून उपचार मोजले जात होते त्या लक्षणाचा जीवघेण्या विकाराशी फारसा संबंधच नव्हता.

मृत्यूंच्या नोंदी हेच सांगत होत्या. मिशे व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मेयो क्लिनिकमधील ११२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निदानानंतर पाच वर्षे जगण्याची शक्यता ७४ टक्के, तर दहा वर्षे जगण्याची ५५ टक्के आढळली. श्वासनळी मिटून होणारा मृत्यू हा या रोगाचा ठरलेला शेवट समजला जात असे. प्रत्यक्षात श्वसनमार्गाच्या कूर्चेला केवळ १० टक्के मृत्यूंचे कारण म्हणता आले. संसर्ग, सार्वदेहिक वाहिनीशोथ आणि कर्करोग ही मुख्य कारणे निघाली. ५१ वर्षांखालील रुग्णांत खचलेले नाक व वाहिनीशोथ ही सर्वांत वाईट चिन्हे ठरली. ट्रेंटहॅम व ले यांच्या १९९८ मधील ६६ रुग्णांच्या अभ्यासात ९४ टक्के रुग्ण हयात होते. हा फरक उपचारांचा की रुग्ण निवडण्याच्या पद्धतीचा, हा वाद येथे बाजूला ठेवला तरी दुसऱ्या आकड्याने पहिला अभ्यास निरर्थक ठरत नाही.

शल्यचिकित्सेचा मार्ग १९६८ मध्ये बेंटॉल व डी बोनो यांनी महाधमनीचे मूळ व झडप एकत्रच बदलण्याची शस्त्रक्रिया वर्णन केल्यानंतर अधिक खुला झाला. मात्र दाह चालू असलेल्या ऊतीत टाके टिकत नाहीत. बसविलेली झडप सुटणे, नव्या जागी पुन्हा विस्फार होणे, असे प्रकार या रोगात नोंदले गेले. डिब व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये साहित्यातील व मेयो क्लिनिकमधील मिळून अशा ३३ शस्त्रक्रियांचा आढावा घेतला. सहा दशकांहून अधिक काळात जगभरातून इतकेच रुग्ण हाती यावेत, यावरून कोणत्याही एका शल्यविशारदाचा अनुभव किती तोकडा राहत असेल याची कल्पना येते.

मोजपट्टीत प्रवेश आणि रोगाची फाळणी :

आर्नो व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये रोगाची तीव्रता मोजण्याचा २७ घटकांचा निर्देशांक तयार केला. मध्यम व मोठ्या रक्तवाहिन्यांचा विकार त्यात स्वतंत्र घटक म्हणून समाविष्ट आहे. ताकायासू यांचा विकार, बेहचेत यांचा विकार अशा शेजारच्या रोगांतील वाहिन्यांचा अभ्यास तोवर बराच पुढे गेला होता; किंबहुना बेहचेत यांचा विकार व बहुकूर्चाशोथ एकाच रुग्णात दिसल्याची पाच उदाहरणे फायरस्टीन व सहकाऱ्यांनी १९८५ मध्येच दिली होती. २०१६ मध्ये दियों व सहकाऱ्यांनी फ्रान्समधील १४२ रुग्णांचे तीन गट पाडले : रक्तविकारयुक्त, श्वसनविकारयुक्त आणि सौम्य. मृत्यूशी निगडित घटकांत पुरुष असणे, हृदयाचा विकार व रक्तविकार हे होते. वयस्क पुरुष, बिघडलेली अस्थिमज्जा आणि सुजलेले कान हे एकत्र का येतात, याचे उत्तर त्या वेळी नव्हते.

ते डिसेंबर २०२० मध्ये मिळाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील बेक, ग्रेसन, कास्टनर व सहकाऱ्यांनी रोगाच्या नावापासून सुरुवात न करता २,५६० निदानहीन अथवा गुंतागुंतीच्या रुग्णांच्या जनुकांपासून सुरुवात केली. एक्स गुणसूत्रावरील यूबीए-१ या जनुकात जन्मानंतर अस्थिमज्जेत घडलेला बदल २५ पुरुषांत आढळला. या नव्या विकाराला ‘वेक्सास’ असे नाव मिळाले. या २५ पैकी १५ जणांचे आधीचे निदान बहुकूर्चाशोथ होते, काहींचे विविध वाहिनीशोथ होते आणि ११ जणांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या झालेल्या होत्या. या रुग्णांपुरता तरी कानाचा दाह हा रक्तनिर्मितीतील बिघाडाचा एक परिणाम होता, आणि रक्तवाहिनी ही त्याच बिघाडाची दुसरी जागा होती. कूर्चेतून रोग वाहिनीकडे ‘पसरतो’ ही जुनी कल्पना येथे लागू पडत नाही.

वेक्साससाठी निवडलेले नावही वेगळ्या धर्तीचे आहे. पेशींतील पोकळ्या, ई-१ हे विकर, एक्स गुणसूत्र, स्वयंदाह आणि देहपेशीतील बदल यांच्या आद्याक्षरांतून ते बनले आहे. त्यात शरीराच्या एकाही अवयवाचा उल्लेख नाही. फेराडा व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये बहुकूर्चाशोथाचे निदान असलेल्या ९२ रुग्णांची जनुकीय तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी सात जणांत यूबीए-१ चा बदल सापडला. उरलेल्या ८५ रुग्णांचे निदान १९६० मधील नावाखालीच राहिले.